जुनं ते सोनं, पण नळीच्या आत?

‘जुनं ते सोनं’ ही म्हण रायफलीला लावताना पहिली अडचण अशी, की सोनं गंजत नाही. रायफल गंजते, आणि तीही आतून. दस्ता अक्रोडाचा, तेल पिऊन काळसर झालेला. नळी बाहेरून लखलखीत. बोल्ट काढून ती उजेडाकडे धरली की आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे. दोष दारूचा नाही, काडतुसाच्या टोपीचा. जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की मागे क्षार उरे आणि तो हवेतला ओलावा ओढून घेई. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. शिकारीहून आल्यावर ज्या घरात नळीत उकळतं पाणी ओतलं गेलं, तिथली रायफल टिकली. जिथे नुसतं तेल फिरवलं, तिथे गंजाचीच मालिश झाली.

आणि सोन्याची गोष्ट निघावी तीही जालन्यात! ‘जालना सोने का पालना’ असं इथे अजून म्हणतात, पण आज या पाळण्याची दोरी लोखंडाची आहे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडतं. तिथे जुन्याचं मोल वजनावर. नांगराचा फाळ असो की मोटारीचा सांगाडा, काट्याला कुणाचा आजोबा ठाऊक नसतो. हा न्याय कोरडा आहे, पण त्यात फसवणूक कमी. रायफलीच्या किमतीत मात्र अर्धा वाटा आजोबांचाच निघतो: त्यांचा वाघ, त्यांचा नेम, त्यांनी सांगितलेलं अंतर, जे दरवर्षी थोडं वाढत गेलेलं असतं.

उरलेला अर्धा वाटा कायद्याचा. इंग्रजांनी .303 हे लष्करी काडतूस सामान्यांच्या हाती पडू दिलं नाही, म्हणून इथे .315 बोअर रुळला. पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्याने ली-एनफिल्डच्याच ठेवणीवर .315 ची शिकारी रायफल बनवली. विलायती मालाची आयात 1980 च्या दशकात सामान्यांसाठी जवळपास बंद झाली आणि घरातल्या जुन्या मॉझरचा, रिग्बीचा भाव आपोआप चढला. तो चांगुलपणाचा भाव की टंचाईचा? 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मुभा राहिली, वारसाहक्काच्या धरूनसुद्धा. तिसरी कोणती द्यायची, हे ठरवताना अनेक घरांना पहिल्यांदाच नळीत डोकावावं लागलं असेल.

नेमाचं काय? तीन गोळ्या शंभर यार्डांवर दोन इंचांच्या वर्तुळात बसल्या तर जुन्या शिकारी रायफलीला नावं ठेवू नयेत. पण शिकाऱ्याला तिसरी गोळी फारशी मिळतच नाही. त्याला थंड नळीतली पहिली हवी. पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला टेकलं की तीच पहिली भरकटते. वर्षानुवर्षं तोंडाकडून सळई घालून साफ केलेल्या नळीच्या ओठाची कड झिजलेली असते, आणि गोळीला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा.

इथवर हिशेब जुळतो. मग एखादी खड्ड्याखड्ड्यांची नळी सरळ मारते आणि आरशासारखी नळी गोळ्या पसरवते. म्हणजे उजेडाकडे धरून पाहणंही पुरेसं नाही. आणि सरळ मारून मारायचं काय? 1972 च्या वन्यजीव कायद्याने मराठवाड्याच्या माळावरचं काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. हरभऱ्यात कळप उतरला तरी परवान्याची रायफल भिंतीवरच. ज्या कामासाठी नेम तपासायचा ते कामच उरलं नाही, तरी गिऱ्हाईक पहिला प्रश्न नेमाचाच विचारतं. भंगारवाल्याला ती देता येत नाही. घेणाराही परवानेवालाच लागतो.

घरात अशी रायफल असेल तर आजोबांची गोष्ट थोडी बाजूला ठेवा आणि बोल्टच्या दांड्यावरचा नंबर मुख्य सांगाड्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, तर जाणत्या कारागिराने तपासेपर्यंत तिच्यात काडतूस घालू नका.