आवाज आहे, चित्र नाही

गेले तीन महिने इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघा ब्लॉगमित्रांनी विचारलं, पुण्याच्या आत्याने तर फोनच केला, "बरा आहेस ना रे?" बरा आहे. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याआधीचे पंधरा दिवस मी टीव्हीच्या कपाटामागे डोकं घालून बसलो होतो, एवढंच. ज्यांना वायरींचा कंटाळा आहे त्यांनी मधला भाग खुशाल गाळावा. पण मग शेवट कळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर झालं असं. माझ्या मुंजीची एक व्हिडिओ कॅसेट आहे. मे १९९०, महालातलं कार्यालय. नागपुरात मे महिन्यात मुंज करायची कल्पना कोणाची होती, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आईचे फोटो भरपूर आहेत, पण फोटो बोलत नाहीत. मोबाईलमध्ये तिचे दोन-चार व्हिडिओ आहेत, ते शेवटच्या आजारपणातले. ते आम्ही कोणी उघडत नाही. धडधाकट, घाईत असलेली, दहा जणांना दहा कामं सांगणारी आई त्या एका कॅसेटमध्येच काय ती होती.

बाबा म्हणाले, "वर्षश्राद्धाला सगळे येतील, त्याआधी ती कॅसेट लावून दे." मी म्हटलं, दुकानात देऊ, पेनड्राईव्हवर करून देतात. "एकच आहे. घराबाहेर नाही जाणार." विषय संपला.

व्हीसीआर माळ्यावर होता, आईच्याच जुन्या नऊवारीत गुंडाळलेला. १९८८ साली घेतलेला. त्याआधी आमच्या गल्लीत व्हीसीआर रात्रीपुरता भाड्याने यायचा आणि पैसे वसूल करायला लोक पहाटेपर्यंत तीन-तीन सिनेमे बघायचे, ते ज्यांना आठवतं त्यांना आठवेल. झाकण उघडलं तर आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. सीताबर्डीला एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. तो हसायलाच लागला. "भाऊ, कोणत्या जमान्यात राहून राहिले तुम्ही?" त्याचंही बरोबर आहे. व्हीएचएस जपानमध्ये १९७६ साली आलं आणि शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली ते बंद केले. पण पठ्ठ्याने कुठल्याशा टेपरेकॉर्डरचा पट्टा बसवून दिला, हेड साफ केलं, आणि वर चहा पाजला.

कॅसेट मात्र शाबूत होती. मुंबईच्या मामांच्या कॅसेटींवर दमट हवेने पांढरी बुरशी धरली आणि सगळ्या टाकाव्या लागल्या. नागपूरच्या उन्हाने आम्हाला आयुष्यभर छळलं, पण बुरशी नाही येऊ दिली. तेवढं श्रेय द्यायला हवं.

आता मुख्य अडचण. आमच्याकडे एक होम थिएटरचा रिसीव्हर आहे, मी हौसेने घेतलेला. सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी, सगळं आधी त्याच्यात जातं, तिथून पाच स्पीकरना आवाज आणि एका एचडीएमआय वायरीने टीव्हीला चित्र. व्हीसीआरच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरी रिसीव्हरच्या मागे तशाच रंगांच्या भोकांत खोचल्या, कॅसेट घातली. बटण दाबलं.

आणि पाचही स्पीकरमधून आई बोलली. "अहो, त्या भटजींना पाणी विचारलं का कोणी?"

पडद्यावर काळोख. कोपऱ्यात पाटी, सिग्नल नाही.

बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. काही बोलले नाहीत. मी कॅसेट लगेच थांबवली, कारण पस्तीस वर्षांची टेप किती वेळा फिरेल याचा भरवसा नव्हता, आणि कामाला लागलो.

पहिल्या रात्री मी एचडीएमआयच्या मागे लागलो. इथे थोडं तांत्रिक सांगतो. हे एचडीएमआय २००२ च्या डिसेंबरात आलं. एकोणीस पिनांची वायर. तिच्या दोन टोकांची यंत्रं चित्र पाठवण्याआधी एकमेकांची चौकशी करतात: तू कशा प्रकारचं, किती ठिपक्यांचं चित्र दाखवू शकतोस? आणि कुलूपबंद चित्र असेल तर, तुझ्याकडे किल्ली आहे का? हे कुलूप म्हणजे एचडीसीपी, सिनेमांची चोरी होऊ नये म्हणून केलेलं. ओळख पटली नाही तर पडदा काळा. मध्ये रिसीव्हर असला की ही ओळखपरेड दोनदा. त्यावर जगभरचे लोक उपाय करतात तेच मीही केले. सगळ्यांचे प्लग काढून दहा मिनिटं ठेवले, मग आधी टीव्ही, मग रिसीव्हर असं क्रमाने लावलं. वायरीची टोकं उलटसुलट केली. सातशे रुपयांची नवी वायर आणली. रिसीव्हर पार कोरा करून पहिल्यापासून लावला, त्यात पाच स्पीकरची जुळवाजुळव गेली ती वेगळीच.

चित्र नाही. आईच्या आवाजाचे मात्र तुकडे तुकडे येत होते, "ताटं इकडे", "अगं पोरगा उपाशी आहे", आणि मी दर वेळी बटण दाबून तिला गप्प करत होतो. मांडवातल्या कूलरची घरघर तेवढी स्पष्ट.

सर्व्हिसवाल्याला फोन केला. त्याने न बघताच निदान केलं. "एचडीएमआय बोर्ड गेला सर. साडेनऊ हजार. पार्ट यायला तीन आठवडे." वर्षश्राद्धाला अकरा दिवस होते.

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "अरे, ती पिवळी वायर सरळ टीव्हीला लावून पाहिली का तू?" मी घामाघूम, हातात बॅटरी, तोंडात स्क्रू. म्हणालो, "बाबा, ही तुमची अँटेना नाही. राहू द्या तुम्ही."

ते आत निघून गेले. बायकोने फक्त माझ्याकडे पाहिलं. संसारी माणसांना जास्त सांगायला नको.

अँटेना मी का म्हणालो ते सांगतो. ऐंशीच्या दशकात आमच्या गच्चीवर ॲल्युमिनियमची अँटेना होती, सेमिनरी हिल्सच्या दूरदर्शन टॉवरकडे तोंड करून. वावटळ आली किंवा माकडं आली की ती फिरायची आणि घरात मुंग्या दिसायच्या. मग बाबा भर उन्हात गच्चीवर, मी जिन्यात, आई टीव्हीसमोर. बाबा दांडी फिरवायचे आणि ओरडायचे, "आलं का?" मी आत ओरडायचो, "आलं का?" आई म्हणायची, "नाही... थोडं... गेलं..." आणि मग एकदम, "आलं! या खाली!" बाबा खाली येऊन बघायचे तर पडद्यावर अर्ध्या मुंग्या तशाच. हे दर वेळी. तिचं म्हणणं, चित्रापायी माणूस उन्हात किती वेळ उभा करायचा?

केबल आली, अँटेना भंगारात गेली. मग ३१ मार्च २०१३ च्या मुदतीने नागपुरात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा बाबांनी टीव्हीच्या मागे हात घालणं सोडलं. म्हणजे त्यांनी सोडलं असं मी समजत होतो. खरं तर मी त्यांना घालू देत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी तर्री-पोहे घेऊन आलो, माफीच्या ऐवजी. आमच्याकडे माफी अशीच मागतात. बाबांनी पोहे संपवले, बशी ठेवली आणि म्हणाले, "आता मी सांगतो तसं कर." तेहतीस वर्षं वीज मंडळात काढलेला माणूस. त्यांची पद्धत एकच, लाईन कुठपर्यंत जिवंत आहे ते आधी बघायचं, मेलेला तुकडा आपोआप सापडतो.

"सेट टॉप बॉक्सचं चित्र येऊन राहिलं ना?"

"येतंय."

"ते रिसीव्हरमधूनच?"

"हो."

"मग रिसीव्हर ते टीव्ही लाईन जिवंत आहे. तुझा तो बोर्ड गेला असता तर हे आलं असतं का?"

मंडळी, मी कॉम्प्युटरच्या नोकरीत वीस वर्षं काढली आहेत. हे मला दोन रात्रीत सुचलं नव्हतं. साडेनऊ हजार वाचले ते तिथे, पोह्याच्या बशीवर.

उरला व्हीसीआर. तो सरळ टीव्हीला लावायचा, तर हल्लीच्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी भोकंच नसतात. एक बारीक गोल भोक असतं, हेडफोनसारखं. त्याची जोडवायर सीताबर्डीहून दीडशे रुपयांत आणली. लावली तर चित्र नाही, नुसती गुरगुर. मी पुन्हा हताश. बाबा म्हणाले, "रंग विसर. दुसऱ्यात घालून बघ." पिवळी पांढऱ्यात घातली, काही नाही. पिवळी लालमध्ये घातली आणि पडदा उजळला! नंतर वाचलं, या बारीक पिनेच्या कड्यांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो, त्यामुळे रंगांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. कोणाकडे असा घोळ झाला तर तिन्ही भोकं आलटून पालटून बघा.

म्हणजे व्हीसीआर धडधाकट, टीव्ही धडधाकट, रिसीव्हरही धडधाकट. मग बिघडलंय काय? शेवटी मॅन्युअल काढलं, जे माणूस नेहमी शेवटीच काढतो. तीन नंबरच्या पानावर नाही, एकतिसाव्या पानावर, एका तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं: पिवळ्या वायरीने आत आलेलं चित्र फक्त पिवळ्या वायरीनेच बाहेर जातं, एचडीएमआयवर नाही. काही रिसीव्हरमध्ये एकाचं दुसरं करून द्यायची सोय असते. आमच्यात नाही. आवाज येत होता, कारण आवाज टीव्हीकडे जातच नाही, तो रिसीव्हर स्वतःच मोठा करून स्पीकरना देतो. काहीही बिघडलं नव्हतं. आणि ते एचडीसीपीचं कुलूप, ज्याच्यामागे मी एक अख्खी रात्र घालवली, ते माझ्या मुंजीला कोण लावणार होतं!

मी हे बाबांना समजावून सांगू लागलो. दोन वाक्यांनंतर त्यांनी हात वर केला. "छोटी लाईन आणि मोठी लाईन," म्हणाले. "इतवारी."

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. इतवारीहून नागभीडला अडीच फुटी रुळांची छोटी गाडी जायची, उमरेड, भिवापूर करत. २०१९ च्या नोव्हेंबरात ती रुंदीकरणासाठी बंद झाली. आईचं माहेर भिवापूर, मिरचीचं. ती माहेरी जायची-यायची ती त्याच गाडीने. छोट्या लाईनचा डबा साडेपाच फुटी रुळांवर चढत नाही. पुढे जायचं तर इतवारीला उतरा, सामान उचला, दुसऱ्या गाडीत बसा. आमच्या रिसीव्हरमध्ये छोट्या लाईनचा फलाट होता, मोठ्या लाईनचाही होता, पण मधे सामान उचलणारा हमाल नव्हता. मी इतकी वर्षं संगणकाच्या भाषेत डोकं खपवतो, मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

उपाय सोपा. रिसीव्हरच्या मागे चित्र बाहेर जायला एक पिवळं भोक असतंच. तिथून एक वेगळी वायर टीव्हीच्या बारीक भोकात. सेट टॉप बॉक्स मोठ्या लाईनने, व्हीसीआर छोट्या लाईनने. कॅसेट बघताना टीव्हीच्या रिमोटवर एव्ही निवडायचं, बस.

मग आम्ही दोघांनी कॅसेट बघितली. बायको आणि मुलगी मुद्दाम आत राहिल्या असाव्यात.

आता हे लिहायला जरा जड आहे. चित्र आलं, पण त्यात आई जवळजवळ नाहीच. व्हिडिओवाल्याने पाहुणे घेतले, लायटिंग घेतली, जेवणाच्या पंगती घेतल्या, माझ्या चकोटावर तर पाच मिनिटं कॅमेरा ठेवला. आई कामात होती. ती कॅमेऱ्याच्या मागे, शेजारी, दाराआड कुठेतरी बोलत राहते. एकदा तिची पाठ दिसते. एकदा कोपऱ्यातून नुसता हात येतो आणि माझं धोतर सारखं करून जातो. मातृभोजनाला मात्र ती समोर आहे, हिरव्या शालूत, मला घास भरवते आहे, तोंडाने काहीतरी म्हणते आहे. आणि तिथे त्या कलाकाराने मूळ आवाज पुसून सनई टाकली आहे, चारी बाजूंनी बदामाचे आकार उडवून. दिसते तिथे ऐकू येत नाही, ऐकू येते तिथे दिसत नाही.

"काय म्हणते रे ती तिथे?" बाबांनी विचारलं. मला आठवत नाही. मी आठ वर्षांचा होतो आणि मला फक्त लाडू दिसत होता.

तेवढा तुकडा आम्ही तीनदा मागे घेतला. टेपवर आडव्या रेघा येऊ लागल्या तेव्हा बाबांनीच थांबवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी एक छोटं यंत्र आणून घरच्या घरी, कॅसेट बाहेर न नेता, सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. (भिवापूरच्या मावशी हे वाचत असतील तर: मामांनी त्या दिवशी स्वतःचा छोटा टेपरेकॉर्डर आणला होता असं बाबांना पक्कं आठवतं. ती कॅसेट कुठे असेल तर बघा ना. फेकू नका, वाजवूनही बघू नका, मी घ्यायला येतो.)

श्राद्धाच्या दिवशी संध्याकाळी सगळे हॉलमध्ये जमले. कॉम्प्युटरवर सगळं होतंच, पण बाबांचा हट्ट, कॅसेटच लावायची. लावली, तर चित्र उड्या मारायला लागलं. टेप थकली होती. मी पुन्हा कपाटामागे, व्हीसीआरच्या ट्रॅकिंगच्या चक्रीवर बोट ठेवून. तिथून पडदा दिसत नाही. थोडं फिरवलं, ओरडलो, "आलं का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "थोडं... गेलं..."

कपाटामागे पंखा पोचत नाही, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. अजून थोडं फिरवलं.

"आलं," बाबा म्हणाले. "ये बाहेर."

मी बाहेर आलो. पडद्यावर अर्ध्या रेघा तशाच होत्या.