सीलन

आमच्या दारात 1986 सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. अब्बांनी ती 1998 मध्ये जुनीच घेतली होती. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात कायमची गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून बरीच हळहळ छापून आली. अम्मीने विचारले, "हमारी कब जाएगी?"

तिचा राग गाडीवर नव्हता, वासावर होता. मृग लागला की गाडीत पाणी शिरायचे, पायाखालचा गालिचा भिजायचा आणि दिवाळीपर्यंत कुबट वास राहायचा. मराठीत आपण ओल म्हणतो. अम्मी 'सीलन' म्हणते. 2019 च्या ऑगस्टात शिरोलीजवळ महामार्गावर पुराचे पाणी आले होते. हातकणंगल्यात आमच्या दारापर्यंत काही ते पोचले नाही, पण गाडीत पाणी होतेच.

दोषी कोण, हे घरात ठरलेले होते. 2008 मध्ये धाकट्याच्या चेंडूने पुढची काच फुटली. दुसरी बसवली, आणि त्याच पावसाळ्यात गळती सुरू झाली. अब्बा दरवर्षी कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन काचेचे रबर बदलून घेत, कडेने काळा मसाला भरून घेत. परत आल्यावर धाकट्याकडे बघत. बोलत नसत. 2021 साली अब्बांचा इंतकाल झाला.

मागच्या जूनमध्ये आम्ही दोघा भावांनी गाडी उघडली. भंगारात द्यायची की ठेवायची, हे तळाच्या पत्र्यावर ठरणार होते. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा असतो. तळ गंजला की गाडीचा कणाच गेला. सीट काढल्या, गालिचा काढला, त्याखालचा नमदा पिळला तर तांबडे पाणी निघाले. डाव्या बाजूला, पाय ठेवतो तिथे, बोट आरपार गेले. वितभर पत्रा कापून नवा वेल्ड करून घ्यावा लागला. बाकीचा तळ शाबूत होता.

पाणी जिथे साचते तिथूनच ते शिरते असे नसते. ते पत्र्याच्या सांध्याने, वायरीने कुठल्या कुठे चालत जाते. म्हणून पाइपाची धार आधी खाली, मग हळूहळू वर न्यायची. वरूनच सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि काही कळत नाही. आम्ही शाळेतल्या खडूची पूड आणून आतल्या पत्र्यावर भुरभुरवली. धाकटा बॅटरी घेऊन आत आडवा झाला.

दारांत पाणी साचलेले होते. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच. ते बाहेर पडावे म्हणून खाली भोके असतात, ती मातीने बुजली होती. तारेने मोकळी केली. मग पुढच्या काचेवर दहा मिनिटे धार धरली. पूड कोरडी.

"भाई, काचसे नई आताय!" धाकटा आतून ओरडला. त्याचा आवाज कसा होता, ते लिहिता येत नाही.

मग बॉनेटच्या मागच्या कडेवर धार धरली. डॅशबोर्डखाली खडूवर एक ओली रेघ उमटली. वर पाहिले तर एरियलची वायर. इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्याला भोक पाडून ती आत घेतली होती. भोकाला रबरी बूच नव्हते. पाणी वायर धरून आत येत होते आणि नमद्यामागून उतरत होते.

ते भोक 2008 मध्येच पडले होते. कॉलेजात असताना टेप बसवायची हौस होती, हातड्रिल मित्राचे होते. इथे 'आम्ही' म्हणजे आम्ही एकटेच. धाकटा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि घरात नव्हता.

त्याने वायरीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि बूच आणायला सायकलवर गेला. भोकाची कड घासून रेडऑक्साइड लावले, बूच बसवले. वायरीला भोकाबाहेर खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते, आत चढत नाही. जुलैच्या मुसळधार पावसातही पूड कोरडी राहिली.

सामान परत लावताना डॅशबोर्डच्या कप्प्यात काचेच्या रबरांच्या पावत्या सापडल्या. नऊ होत्या. धाकट्याने त्या मोजून पुन्हा तिथेच ठेवल्या.

अम्मीला वाटते, काच शेवटी नीट बसली. धाकट्याने तिला खरे सांगितलेले नाही, आम्हीही नाही. तिला उर्दू वाचता येते, मराठी येत नाही.