काजळी

मराठीत काजळी धरते ती वातीला, कंदिलाच्या काचेला, चुलीवरच्या भांड्याच्या बुडाला. मोटारीच्या इंजिनालाही ती धरते. मात्र तिथे आपण तिला 'कार्बन' म्हणतो. वस्तुतः दोन्हींचे कारण एकच. कंदिलाची वात प्रमाणाबाहेर वर केली की हवा पुरेनाशी होते आणि काच काळवंडते. इंजिनात पेट्रोल अधिक आणि हवा कमी झाली की तेच घडते. रोज तिन्हीसांजेला राखेने काच पुसणाऱ्या आमच्या आज्यांना 'अपूर्ण ज्वलन' ही संज्ञा ठाऊक नव्हती. वात किती ठेवावी हे मात्र अचूक ठाऊक होते.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक तालुक्याच्या गावी एकाच जुन्या मारुती ८०० मधून महाविद्यालयात जातो. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. इंजिन तापते न तापते तोच गाडी उभी राहते. प्लगच्या टोकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. आमच्या गाडीला तेवढी ऊब क्वचितच लाभते. तेव्हा अधूनमधून एखाद्या रविवारी अंगणातच साफसफाई काढावी लागते.

इंजिन पूर्ण थंड असावे. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढायची, कारण प्लग निघाल्यावर ती थेट सिलिंडरात पडते. मग तिन्ही प्लग क्रमाने कागदावर मांडायचे आणि वाचायचे. होय, वाचायचेच. टोक फिकट तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. कोरडी काळी भुकटी दिसली तर इंधन जास्त होते आहे किंवा इंजिन पुरेसे तापत नाही. ओला, तेलकट काळेपणा असेल तर ऑइल आत शिरते आहे, आणि तो आजार ब्रशाने जाणारा नव्हे. साध्या प्लगला तारेचा मऊ ब्रश हलक्या हाताने चालतो, इरिडियमच्या प्लगला नाही. थ्रॉटलची झडप क्लीनर फडक्यावर घेऊन पुसावी. कडेला दात घासायचा जुना ब्रश उपयोगी पडतो. घरचे काम इथे संपते. हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावरचा थर काढणे गॅरेजवाल्यांकडे सोपवावे. चालू इंजिनात पाणी सोडण्याचा जुना उपाय तर टाळावाच. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते जास्त झाले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

हे सारे आम्हांला गावातल्या एका मिस्त्रींनी शिकवले. त्यांचा मुलगा आमच्याकडे प्रथम वर्षाला होता. 'माझे वडील' या विषयावर त्याने लिहिलेल्या निबंधात घाम होता, कष्टकरी हात होते, 'अथक परिश्रम' होते. पान्याचा, प्लगचा, सायलेन्सरच्या धुराचा कुठे उल्लेख नव्हता. विचारले तेव्हा म्हणाला, "सर, गॅरेजातलं मराठीत कसं लिहिणार?"

पारिभाषिक शब्द मराठीत नव्हते असे नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला आणि 'अंतर्ज्वलन-एंजिन' ही संज्ञा विश्वकोशात आहे. पिस्टनला 'दट्ट्या' म्हणणे शाळेच्या पुस्तकात आम्हीही शिकलो. पण 'गाडी मिसिंग करते', 'पिकअप घेत नाही', 'पेट्रोल फार पिते' ही वाक्येही मराठीच आहेत. नामे बाहेरून आली असतील, क्रियापदे घरचीच आहेत; आणि वाक्य उभे राहते ते क्रियापदावर. परक्या शब्दांनी भाषा काळवंडते असे आम्हांला वाटत नाही. ज्या शब्दांना अनुभवाची आच लागलेली नसते, त्यांचीच पुटे चढतात. 'अथक परिश्रम' हे असेच एक पूट.

आम्ही त्या मुलाला एवढेच सांगितले की वडील प्लग पाहून काय ओळखतात ते लिही. पुढच्या आठवड्यात त्याने दीड पान आणले. त्यात 'मिक्श्चर' होते, 'कार्बन' होता आणि एके ठिकाणी 'काजळी' होती. हा शब्द कुठून आला असे विचारले, तर म्हणाला, "आजी म्हणते. मी घाण प्लग घरी आणला की ओरडते."

भाषेच्या अध्यापकाला याहून निराळे काय हवे असते? गाडीला काजळी पुन्हा धरेल. रस्ता तोच, तीन किलोमीटरांचा. महिन्यातून एकदा तरी तिला महामार्गावर लांब न्यावे, असे मिस्त्री सांगतात. ते आम्ही पाळतो.