एकच वाट

अरण्यात गेले की कानाला विसावा मिळतो, असे आपण सारेच समजतो. हेमलकशाच्या पहिल्याच रात्री माझा हा समज ढासळला. आठ महिन्यांपूर्वी शहरातील एका वरातीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीलगत चालावे लागले, तेव्हापासून माझ्या उजव्या कानात एक बारीक शीळ वाजत असते. शहराच्या कोलाहलात ती बुडून जाते. येथे सभोवारचे रान निःशब्द झाले, आणि माझी शीळ तेवढी जागी राहिली!

अंतःकर्णाच्या शंखात सुमारे १५,००० केशपेशी असतात. त्यांना रक्त पोचविणारी धमनी एकच; ती अडली तर दुसरी वाट नाही. १९७३ साली बाबा आमट्यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे या डॉक्टर दांपत्याने दवाखाना मांडला, तेव्हा पावसाळ्यात नाले भरले की हा मुलूखही असाच जगापासून तुटे. प्रचंड आवाजाने कानातील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, आणि पेशींना ऐन श्रमाच्या वेळी रसद अपुरी पडते.

ही वाट रुंदावण्यासाठी वैद्यकाने एक मोठी गमतीची युक्ती योजिली आहे. तिचे नाव कार्बोजेन. ९५ भाग प्राणवायू आणि ५ भाग कार्बन डायऑक्साइड यांचे हे मिश्रण रोग्याला हुंगवितात. नुसत्या प्राणवायूने रक्तवाहिन्या किंचित आकुंचन पावतात. उलट, जो वायू आपण उच्छ्वासाबरोबर टाकून देतो, तोच त्यांना सैल करतो. टाकाऊने दार उघडावे आणि मौल्यवानाने आत शिरावे, असा हा संसार आहे! गिनीपिगांवरील प्रयोगांत कानातील द्रवातला प्राणवायू याने वाढलेला दिसला. मनुष्याचे गेलेले श्रवण याने खात्रीने परत येते, असे मात्र अद्यापि सिद्ध झालेले नाही.

मी मोठ्या आशेने आमच्या डॉक्टरांपाशी हा विषय काढला. त्यांनी एवढेच विचारले, “वरातीला किती दिवस झाले?” मी सांगितले. ते म्हणाले, “असले उपाय करायचेच तर पहिल्या काही दिवसांत. मेलेल्या पेशीला रक्त पोचवून काय उपयोग?” रस्ता मोकळा झाला, तरी ओस पडलेल्या गावात धान्य उतरवून घेणार कोण? पक्ष्यांच्या केशपेशी नष्ट झाल्या तरी पुन्हा उगवतात; मनुष्याच्या उगवत नाहीत. पहाटे येथे पाखरांची किलबिल सुरू झाली, तेव्हा मला त्यांचा खरोखर हेवा वाटला.

येत्या मार्गशीर्षात आमच्या भाचीचे लग्न आहे. मांडवात सनई-चौघड्यापलीकडे काही वाजू नये, असा हट्ट मी धरणार आहे. तरुण मंडळी मला अरसिक म्हणतील. खुशाल म्हणोत! वरातीपुढे नाचणाऱ्या चिमुकल्यांच्या कानांतील भांडवल अद्यापि शाबूत आहे, आणि ते एकदाच मिळते.