हवं तेवढंच

१६ जून २०२५, सोमवार

यंदाच्या दिवाळी अंकात २००९च्या अंकातली एक कथा पुन्हा छापायची ठरली. मूळ फाइल कार्यालयातल्या जुन्या हार्ड डिस्कवर आहे. पण तिथे काही वर्षांचे अंक एकाच टार-जीझिप गठ्ठ्यात कोंबलेले. पानं, चित्रं, जाहिराती, फॉन्ट, सगळं एकत्र. तो अख्खा उलगडायला लॅपटॉपवर जागा नाही आणि गरजही नाही.

आधी यादी. टर्मिनलमध्ये टार या गठ्ठे बांधणाऱ्या आज्ञेला टी, झेड, एफ ही अक्षरं दिली की डिस्कवर काहीही न उतरवता तो आतली नावं सांगतो. ती एका साध्या मजकूर फाइलमध्ये वळवली आणि ग्रेपने लेखिकेचं आडनाव शोधलं. कथा आहे. नुसत्या यादीला मात्र चहा पिऊन होईपर्यंत वेळ लागला.

१७ जून, मंगळवार

टार हा चुंबकीय फितींच्या काळातला, १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतला. त्यात प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटांचा मथळा असतो: नाव, आकार, तारीख. मग फाइल, मग पुढचा मथळा. सगळ्यांची एकत्र नोंद कुठेच नाही. त्यावर जीझिपने दाबलं की मधूनच वाचायची सोय उरत नाही. पहिल्या बाइटपासून सुरुवात करावी लागते. हवी ती फाइल हाती आली तरी टार शेवटापर्यंत वाचत राहतो, कारण त्याच नावाची नंतरची प्रत पुढे जोडलेली असू शकते.

म्हणजे दर खेपेला सगळा गठ्ठा वाचला जाणार. मग एकेक फाइल मागण्यापेक्षा सगळं एकदम मागावं. पानं श्रीलिपीत लावलेली, तेव्हा त्या काळचे फॉन्टही लागतील. शिवाय कथेची दोन चित्रं. यादीतून एवढीच नावं उचलून वेगळी फाइल केली आणि ‘मोठा टी’ हा पर्याय देऊन ती टारच्या हवाली केली. ‘मोठा सी’ने रिकामं फोल्डर दाखवलं, नाहीतर त्याच नावाच्या चालू फाइलींवर तो न विचारता जुन्या प्रती लिहितो.

नावं यादीत दिसतात तशीच द्यावी लागतात. सुरुवातीचा टिंब आणि तिरकी रेघ गाळली, तर अशी फाइल नाही असं लिनक्सवरचा टार सरळ सांगतो. चांदणी वापरून नमुना द्यायचा तर तो अवतरणात हवा, नाहीतर टारपर्यंत पोचण्याआधीच शेल तिचा अर्थ लावू पाहतं. लिनक्सवरच्या टारला ‘वाइल्डकार्ड्स’ हा पर्यायही सांगावा लागतो. मॅकवरचा नमुना आपणहून ओळखतो.

१९ जून, गुरुवार

चित्रकाराकडून त्याच वर्षाची मुखपृष्ठं आली, झिपमध्ये. यादी क्षणात. फिल कॅट्झने १९८९मध्ये आणलेल्या या रचनेत प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबलेली असते आणि ग्रंथाच्या शेवटी सूची असावी तशी सगळ्यांची नोंद अखेरीस असते. अनझिप ती पाहून थेट त्या जागी जातं. ‘एल’ने यादी, ‘डी’ने फोल्डर, ‘पी’ दिलं तर मजकूर डिस्कवर न उतरता पुढच्या आज्ञेकडे जातो. ‘जे’ने आतले फोल्डर गाळता येतात, पण दोन फोल्डरांत एकाच नावाच्या फाइली असल्या तर त्या एकमेकींवर येतात.

देवनागरी नावांचा मात्र चिखल झाला होता. झिपच्या नियमांत युनिकोड नावांची सोय २००६मध्ये आली. त्याआधीच्या पद्धतीने बांधलेल्या गठ्ठ्यात नावं अशी बिघडतात. नाव टंकता येत नव्हतं, म्हणून चांदणी आणि शेवटचं ‘टिफ’ एवढ्यावर मुखपृष्ठं काढली. आतली चित्रं शाबूत.

२१ जून, शनिवार

कथा लागली, फॉन्टही बसले. संपादकांनी विचारलं, पुढे गठ्ठे कशात बांधायचे? टारवर एक्सझेड किंवा सेव्हन-झिप अनेक फाइली सलग धरून त्यांतली पुनरावृत्ती हेरतात, म्हणून गठ्ठा लहान होतो. पण एक फाइल काढायला तिच्या आधीचं बरंच उलगडावं लागतं. झिपचा गठ्ठा थोडा मोठा, पण एकेक फाइल चटकन निघते. वारंवार लागणाऱ्या अंकांना झिप, नुसतं जपून ठेवायच्या अंकांना एक्सझेड, असं ठरलं.

जुने अंक साठवणाऱ्या प्रत्येकाला विनंती: एका अंकाचा एकच गठ्ठा करा आणि आतल्या नावांची यादी साध्या मजकूर फाइलमध्ये त्याच्या शेजारी ठेवा.