नावावर एक, कब्जात दुसरा

महसूल खात्याच्या दफ्तरात उभी हयात घालवल्यानंतर नळदुर्गच्या वडिलोपार्जित घरी मी एक जुना संगणक लिनक्सवर चालता करून ठेवला, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात असल्यामुळे घराण्याचे अर्धे कागद उर्दूत आणि उरलेले मोडीत. त्या सर्वांची छायाचित्रे या सर्व्हरवर असून घरच्या ब्रॉडबँडची राखणही त्याच्याकडेच आहे. घर माळवदाचे, भिंती दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या. वायफायची रेंज सोप्यातून निघते ती पलीकडच्या खोलीपर्यंत पोचण्याआधीच भिंतीत जिरते. म्हणून सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे: मदरबोर्डाचे अंगचे कार्ड फायबरच्या डब्याकडे, आणि वरून बसवलेले कार्ड अंगण ओलांडून जाणाऱ्या तांब्याच्या केबलकडे.

रोहिणी नक्षत्रातल्या वळिवाने एके रात्री घात केला. काचतंतूतून वीज वाहत नाही. परंतु अंगणातील तांब्याने तिचा धक्का नेमका आत आणला आणि वरून बसवलेले कार्ड गतप्राण झाले. सोलापूरहून दुसरे आणले. जुना स्लॉट काळवंडलेला, म्हणून शेजारच्या स्लॉटमध्ये बसवले. दोन्ही कार्डांचे दिवे हिरवे, केबली जागच्या जागी, आणि तरीही इंटरनेटचा पत्ता नाही. मदत केंद्रातील मुलाने ‘काका, डबा बंद करून चालू करा’ असे तीन वेळा सांगितले व मी तीन वेळा तसे केले.

अखेर सर्व्हरचीच कैफियत वाचायला बसलो. पीएडीओची वाट पाहून मुदत संपली, अशी एकच ओळ पानभर होती. म्हणजे कंपनीच्या दारात उभे राहून ‘कोणी आहे का’ अशी हाक सर्व्हर इमानेइतबारे घालीत होता, पण उलट जबाबच येत नव्हता. मग मनात शंका आली: हाक योग्य दाराशी जाते आहे ना?

पूर्वी लिनक्समध्ये जे कार्ड आधी सापडेल ते ‘इथ0’, नंतरचे ‘इथ1’, असा बेभरवशाचा कारभार होता. 2013 पासून सिस्टमडीने कार्डाला त्याच्या बैठकीच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत पाडली. पद्धत शहाणपणाची खरी. परंतु मधला एक स्लॉट रिकामा झाला की पुढचे आकडे सरकू शकतात, हे माझ्यासारख्या सर्व्हे नंबरांत आयुष्य काढलेल्या इसमाला आधीच सुचायला हवे होते. खात्रीसाठी ‘इथटूल’ला आज्ञा दिली की ‘ईएनपी3एस0’ नावाच्या कार्डाचा दिवा लुकलुकता ठेव. हे नाव आमच्या दप्तरी फायबरकडच्या कार्डाचे. नातू बॅटरी घेऊन कपाटामागे शिरला आणि तिथूनच ओरडला, “आबा, अंगणाकडचं लुकलुकतंय!”

दोन्ही नावांची अदलाबदल झाली होती. नाव एकाचे, कब्जा दुसऱ्याचा. आणि सर्व्हर बिचारा कंपनीला हाक अंगणात घालून घरातले पत्ते फायबरच्या डब्याला वाटीत बसला होता. फेरफार करणे भाग होते. प्रत्येक कार्डावर कारखान्यातच कोरलेला बारा अंकाक्षरांचा मॅक पत्ता असतो, तो स्लॉट बदलला तरी बदलत नाही. त्याच्या आधारे एकाला ‘वेस’ आणि दुसऱ्याला ‘अंगण’ अशी कायमची नावे लावून दिली, आणि अर्ध्या मिनिटात कंपनीचा जबाब आला.

पण फायरवॉलच्या फायलीत नवी नावे भरताना एक ओळ माझ्या हातून गळाली होती. सर्व्हरवरून सारे सुरळीत. आतल्या खोलीत मात्र लहान पाने उघडत आणि बँकेचे पान पांढरेच राही. इथरनेटचे पॅकेट 1500 बाइटांचे. त्यातले 8 कंपनीशी जोडणी करणाऱ्या पीपीपीओईच्या वेष्टनाला जातात, उरतात 1492. ‘तोडू नये’ अशी ताकीद देऊन आतल्या संगणकावरून पिंग पाठवली, तेव्हा 1464 बाइट पार झाले, 1465 अडले. 28 शीर्षकांचे धरले की हिशेब चोख मिळाला. मोठ्या पॅकेटांना आधीच आवर घालणारी ती ओळ परत लिहिली, आणि बँक उघडली.

आता अंगणातील तांबे काढून तिथेही काचतंतू टाकण्याची तजवीज चालली आहे. फक्त चर तुळशीवृंदावनाच्या पायाखालून जातो, आणि त्यास घरातून अद्याप मंजुरी मिळालेली नाही.