प्रत्यंचा उतरविल्यावर

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. तेथून वायव्येस सुमारे चाळीस मैलांवर बॅराबू नावाचे एक टुमदार गाव आहे. रिंगलिंग बंधूंनी आपली प्रसिद्ध सर्कस 1884 साली याच गावी सुरू केली, आणि त्या सर्कशीचे वस्तुसंग्रहालय आजही तेथे पाहावयास मिळते. गावाच्या दक्षिणेस डेव्हिल्स लेक हे सरोवर असून त्याच्या दोन्ही अंगांस जांभळट-गुलाबी गारगोटी दगडाचे उंच कडे उभे आहेत. ईशान्येस गेले म्हणजे विस्कॉन्सिन नदीकाठची रेताड, हलकी जमीन लागते. ओक आणि पाइन यांची राने, मधून मधून मक्याची शेते, आणि त्या दोहोंच्या सीमेवर हरणांच्या पाऊलवाटा, असा हा प्रदेश आहे. आमच्या पुतण्याचे बिऱ्हाड याच परिसरात असल्यामुळे भाद्रपदापासून पौषापर्यंत चार-साडेचार महिने आम्हांस तेथे राहावयास मिळाले. आणि योगायोग असा की, धनुष्यबाणाने हरीण मारण्याचा तेथील हंगामही नेमका एवढाच असतो.

या विषयावर आम्ही लेखणी उचलावी याचे आमच्या वाचकांस थोडे नवल वाटेल. ज्या घरात कांदासुद्धा चार महिने वर्ज्य असे, त्या घरात आम्ही वाढलो. परंतु पुतण्याच्या तेरा वर्षांच्या मुलाने एक दिवस जेवतांना सर्वांसमक्ष विचारले की, शेजारच्या आजोबांबरोबर मी शिकारीला जाऊ काय? त्या प्रश्नाने घरात जी शांतता पसरली, तिच्यामुळे हा विषय आमच्या पुढ्यात येऊन बसला. मुलाची आई नको म्हणाली. वडील गप्प राहिले. आणि घरातील वडीलधारे म्हणून दोघांनी आमच्याकडे पाहिले. उत्तर देण्यापूर्वी ही शिकार असते तरी कशी, हे समजून घेणे आम्हांस भाग पडले.

तेथील हरीण पांढऱ्या शेपटीचे म्हणून ओळखले जाते. आपल्या काळविटाची शिंगे जन्मभर टिकतात. या हरणाची मात्र आपल्या चितळ-सांबरांप्रमाणे दरवर्षी गळतात व पुन्हा उगवतात. धनुर्धराचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यास उघडतो आणि सामान्यतः जानेवारीच्या आरंभी मिटतो. काही जिल्ह्यांत तो पुढेही वाढवितात. बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात अवघा नऊ दिवसांचा असतो. या अंतराचे कारण उघड आहे. बंदुकीची गोळी शेकडो वार जाते. धनुर्धराला हरीण वीस-पंचवीस वारांच्या आत यावे लागते. इतक्या जवळून त्याला आपला वास येतो, पापणीची हालचाल कळते. म्हणून शिकारी वारा कोठून वाहतो ते पाहतो, झाडाला बांधलेल्या माचावर पहाटे काळोखात चढून बसतो, आणि बहुतेक दिवस काहीही न करता खाली उतरतो. बाण लागला तरी हरीण जागच्या जागी पडत नाही. रक्तस्रावाने त्याचा अंत होतो. म्हणून अर्धा तास थांबून मग रक्ताचा माग काढावयाचा असतो. नेम जरा चुकला तर ते जनावर जखम घेऊन हालहाल होऊन मरते. बाण सोडण्याची सर्व जबाबदारी या एका गोष्टीत साठविलेली आहे.

आमचे शेजारी सत्तरी उलटलेले गृहस्थ. आजकाल बहुतेक जण कप्प्या लावलेली यांत्रिक धनुष्ये वापरतात. यांचे मात्र ओसेज ऑरेंज नावाच्या पिवळ्या, चिवट लाकडाचे, स्वतः तासलेले. हंगाम कितीही वाढविला तरी जानेवारीच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी ते प्रत्यंचा उतरवितात. ऑक्टोबरात त्यांनी एक हरीण मारले होते. कायद्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचच्या आत त्याची नोंद झाली. मांस विकण्यास बंदी असल्यामुळे निम्मे शेजारीपाजारी वाटले. त्यानंतर ते दोन महिने जवळ जवळ रोज गेले, आणि रोज रिकाम्या हाताने परत आले. त्यांच्या तोंडावर याचे दुःख कधी दिसले नाही.

आपल्या पूर्वजांनी या विषयाचा विचार केला नव्हता असे नाही. मनूने कामापासून उपजणाऱ्या व्यसनांत मृगयेची गणना केली. कौटिल्याने मात्र तिच्यापासून होणारे लाभही सांगितले, शरीर हलके होते, चल व अचल लक्ष्यावर हात बसतो, जनावरांचे मन कळते. शाकुंतलाचा आरंभच हरणामागे धावणाऱ्या राजाने होतो, आणि आश्रमाचे मृग अवध्य आहे असे सांगून तपस्वी त्याला थांबवितात. दुष्यंत थांबतो. त्याच्या हाती धनुष्य आहे, बाण जोडलेला आहे, आणि तरीही तो थांबतो, यातच त्या प्रसंगाची शोभा आहे.

अमेरिकेत ही विद्या पुन्हा कशी रुजली, ती हकीकत मोठी हृदयस्पर्शी आहे. 1911 साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी याही जमातीचा शेवटचा माणूस रानातून एकटाच बाहेर आला. त्याचे सर्व आप्त गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत व त्यानंतरच्या हालअपेष्टांत नष्ट झाले होते. त्याने स्वतःचे नाव कधीच सांगितले नाही. लोक त्याला इशी, म्हणजे त्याच्या भाषेत माणूस, म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्को येथील संग्रहालयात तो राहिला, आणि विद्यापीठातील डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी त्याच्यापाशी धनुष्य करण्याची व शिकारीची विद्या संपादन केली. 1916 साली इशी क्षयाने वारला. 1923 साली पोप यांनी या विषयावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात इशीच्या नियमांचे वर्णन आहे. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे उठून ओढ्यात स्नान करी, अंगाला सुगंधी पाला चोळी, चूळ भरी, आणि उपाशीपोटी निघे. वास लपविणे हा यातील व्यावहारिक हेतू खरा. पण हे आचरण वाचतांना कोणाही मराठी गृहिणीला व्रताच्या आदल्या दिवसाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

विस्कॉन्सिनने 1934 साली धनुर्धरांसाठी स्वतंत्र हंगाम प्रथम उघडला, तो सॉक व कोलंबिया या दोनच जिल्ह्यांत. आणि बॅराबू हे सॉक जिल्ह्याचेच ठाणे. पुढच्याच वर्षी मॅडिसन येथील विद्यापीठाचे प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड यांनी नदीकाठचे एक उजाड शेत विकत घेतले. तेथील कोंबड्यांच्या खुराड्याची त्यांनी झोपडी केली, आणि बायकामुलांसह हजारो पाइनची रोपे लावली. ती झोपडी आम्ही पाहून आलो. आज तिच्या भोवती दाट रान आहे. लिओपोल्ड स्वतः धनुष्ये घडवीत आणि त्यांनी शिकारही करीत. शिकाऱ्याच्या वर्तनाला टाळी देणारे वा नावे ठेवणारे प्रेक्षक रानात नसतात, म्हणून त्याचा नियम त्याच्याच सदसद्विवेकावर अवलंबून असतो, हा विचार त्यांनी मांडला. 1948 साली शेजाऱ्याच्या शेतातील वणवा विझवितांना ते मृत्यू पावले; त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ पुढील वर्षी निघाला.

याच लिओपोल्डांनी तरुणपणी नैर्ऋत्येच्या डोंगरांत लांडगे मारले होते. लांडगे कमी तर हरणे अधिक, असा त्या वेळचा सरळ हिशेब होता. पुढे त्यांनी पाहिले की, लांडगा गेलेल्या डोंगरावर हरणे प्रत्येक रोपटे कुरतडून टाकतात आणि शेवटी स्वतःच उपासमारीने मरतात. 1943 नंतर राज्याच्या वनसंरक्षण मंडळावर असतांना, हरणांची संख्या कमी केली पाहिजे, माद्याही मारल्या पाहिजेत, असे ते सांगू लागले, तेव्हा लोकांनी त्यांच्यावर आग पाखडली. विस्कॉन्सिनात लांडगा मारणाऱ्यास 1957 पर्यंत इनाम मिळे, आणि 1960 च्या सुमारास तेथे लांडगा उरला नाही. 1970 नंतरच्या दशकात मिनेसोटातून तो परत येऊ लागला, पण मुख्यतः उत्तरेच्या व मध्यभागाच्या अरण्यांत. दक्षिणेकडील शेतांच्या मुलखात हरणांना वेसण घालणारा माणूसच उरला. 2002 साली याच राज्यात हरणांना मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग आढळला. दाटी झाली की तो अधिक पसरतो.

हे सर्व कळल्यावर आमच्या मनाला एक अडचण पडली. आम्ही मारीत नाही, म्हणून आमच्या खाती काही जमा होत नाही, अशी शाकाहारी मनाची सुखाची समजूत असते. पण त्या चार महिन्यांत पुतण्याच्या मोटारीतून जातांना रस्त्याच्या कडेला मरून पडलेली हरणे आम्ही कित्येकदा पाहिली, आणि ती मोटारींनीच मारलेली होती. विदर्भातील शेतकरी रोह्यांपासून व रानडुकरांपासून पिके वाचविण्यासाठी रात्र रात्र जागतो. त्याच्या राखणीचा दाणा आपल्या निर्मळ ताटात येतो. मांस न खाणे हा आमचा धर्म आहे व तो आम्ही सोडणार नाही. परंतु ताटात जे नाही तेवढ्यावरून अहिंसेचा हिशेब पुरा होत नाही.

शेवटी मुलाच्या आईवडिलांना आम्ही सुचविले की, त्याने हाती शस्त्र न घेता एक संध्याकाळ शेजाऱ्यांबरोबर बसून यावे. तो गेला, तो नेमका हंगामाच्या शेवटच्या रविवारी. परत आल्यावर चुलीपाशी हात शेकत त्याने जे सांगितले ते असे. बर्फ पडलेले होते. सूर्य मावळल्यावर एक मादी आपल्या दोन मोठ्या झालेल्या पाडसांसह पाइनखालून आली व माचापासून पंधरा पावलांवर उभी राहिली. शेजाऱ्यांनी धनुष्य ओढले, क्षणभर धरले, आणि बाण न सोडता हळूच परत ढिले केले. हरणे चरत चरत निघून गेली. खाली उतरल्यावर मुलाने विचारले, “आजोबा, तुम्हांला तिची दया आली का?”

“नाही,” ते म्हणाले, “मला नीट दिसत नव्हते.”

मुलाने घड्याळ पाहिले होते. कायद्याने ठरविलेली वेळ संपावयास अजून काही मिनिटे अवकाश होता. त्यांनी बाण सोडला असता तर कोणी एका शब्दाने दोष दिला नसता. जखमी हरीण काळोखात दूर जाऊन पडले असते तर कोणाला कळलेही नसते. आम्हांस त्या उत्तराचे महत्त्व दयेहून अधिक वाटते. दया मनाच्या लहरीवर येते व जाते. आपल्याला पुरेसे दिसत नाही हे हात ताणलेला असतांना ओळखणे, आणि साक्षीला कोणी नसतांना तो हात मागे घेणे, याला चार महिन्यांची आणि बहुधा सगळ्या आयुष्याची साधना लागते. आमच्या घरातील चातुर्मासाचे नेम तरी दुसऱ्या कशासाठी होते?

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी माच उतरविले आणि धनुष्याला तेल चोळून ते खुंटीवर आडवे टांगले. नरांची शिंगे गळावयास लागली होती. माद्यांच्या पोटी ज्येष्ठाच्या सुमारास जन्मणारी पाडसे वाढत होती. मुलाने त्यांच्यापाशी पुढल्या वर्षी काय मागावे, याचा निर्णय घरात अजून झालेला नाही. त्याने तूर्त धनुष्य कसे करतात ते शिकवा, एवढेच मागितले. त्यांनी ओसेज ऑरेंजचा एक ओबडधोबड फाळका त्याच्या हाती ठेवला आणि सांगितले की, हा निदान वर्षभर सुकला पाहिजे. ओल्या लाकडाचे धनुष्य टिकत नाही. तो फाळका आता पुतण्याच्या घरी जिन्याखाली उभा आहे. देवघराजवळ ठेवावयास सूनबाईंनी साफ नकार दिला. पण परवाच्या पत्रात तिनेच लिहिले आहे की, कोरड्या हवेने त्याला चीर पडू नये म्हणून दोन्ही टोकांना मेण तिने स्वतः लावले.